तीन हजार सांगितले होते

अम्मी-अब्बा कराडहून यायचे असले, की मी हॉलमधल्या काचेच्या कपाटावर चादर टाकतो. कपाटात सात फिगर्स उभ्या आहेत. सिनेमातल्या माणसांच्या, फूटभर उंचीच्या. आकृत्या असलेल्या खोलीत अम्मी नमाज पढत नाही, म्हणून चादर. पण खरं सांगायचं तर चादरीचं आणखी एक कारण होतं. झाकलेल्या वस्तूची किंमत सहसा कोणी विचारत नाही.

अम्मीशी मी एकदा वाद घालून पाहिला होता. हजरत आयेशांच्या बाहुल्यांची गोष्ट तिला सांगितली. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात ती आहे. बाहुल्यांमध्ये एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले होते. घोड्याला पंख कसे, असं रसूलुल्लाहंनी विचारल्यावर हजरत आयेशांनी सुलेमान अलैहिस्सलामांच्या घोड्यांचा दाखला दिला आणि त्यावर ते हसले. अम्मीला ही गोष्ट माझ्याआधीपासून माहीत होती. ती म्हणाली, "ती चिंध्यांची होती, आणि पोरीच्या खेळायला होती. तू खेळतोस का यांच्याशी?"

खेळत नाही. कपाट उघडताना हात धुतो.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्द अमेरिकेत १९६४ साली 'जी. आय. जो' या सैनिक बाहुल्यामुळे रूढ झाला. मुलं बाहुली म्हटलं की हात लावणार नाहीत, म्हणून विकणाऱ्यांनी काढलेला हा शब्द. जो फूटभर उंच होता आणि त्याला कापडाचे कपडे होते. १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या बोटभर उंचीच्या फिगर्स आल्या. त्या स्वस्त आणि संपूर्ण प्लास्टिकच्या होत्या, कपडेसुद्धा अंगावरच ओतलेले. पुढची बरीच वर्षं पोरांचा बाजार त्या छोट्या मापाने चालवला. फूटभराचं माप, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश, मोठ्यांकडे आलं. २००० साली हाँगकाँगमध्ये सुरू झालेल्या 'हॉट टॉइज'ने सुरुवातीला सैनिकांच्या फिगर्स केल्या आणि मग सिनेमाकडे मोर्चा वळवला. 'द डार्क नाइट'मधल्या जोकरच्या त्यांच्या एका फिगरमध्ये तर डोळ्यांची बुबुळंही फिरवता येतात. आमच्यासारख्यांना वेड लागलं ते अशा गोष्टींमुळे.

तर अब्बांनी किंमत विचारली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी सगळे झोपले होते. मी पाणी प्यायला उठलो, तर अब्बा चादर सारून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन काचेशी उभे. काळं जाकीट घातलेल्या एका हॉलिवूडच्या नायकाकडे बोट दाखवून म्हणाले, "कित्ते का हाय ये?"

"तीन हजार," मी म्हणालो.

फिगर अठ्ठावीस हजारांची होती.

अब्बांनी ती हातात मागितली. मी कपाट उघडलं. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. नखाने जाकिटाची किनार उलटी केली, कॉलर उचलून खाली बघितलं, बाहीचा जोड चाचपला. अब्बांनी पंचेचाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलं. माझं इंजिनिअरिंग त्याच मशिनवर झालं.

"तीन हजार में?" ते म्हणाले. "फिर सीनेवाले कू क्या मिल्या?"

यावर मला काहीच सुचेना. मी सोफ्यावर बसलो आणि खरी किंमत सांगून टाकली. मला वाटलं होतं ते चिडतील. कराडमध्ये आज ते एका शर्टाची शिलाई साडेतीनशे घेतात. अठ्ठावीस हजार म्हणजे ऐंशी शर्ट झाले. हा भागाकार माझ्या डोक्यात चालू असताना ते फिगर उलटीपालटी करत राहिले आणि म्हणाले, आता हिशेब लागतो.

मग त्यांनी मला जे समजावलं ते दहा वर्षांत कुठल्याही संग्राहकाने सांगितलं नव्हतं. आम्ही बोलतो ते चेहऱ्यावर. नाक जुळतं का, ओठांचा रंग जास्त झाला का, दाढीचे खुंट ठिपक्यांनी रंगवलेत की नुसती करडी छटा फासली. अब्बांचं म्हणणं, चेहरा साच्यातून निघतो, पण कपडा कोणालातरी बसून शिवावा लागतो. शर्टाला इंचात दहा-बारा टाके पडतात. माणूस सहापट लहान केला तर टाकाही सहापट लहान हवा, म्हणजे इंचात साठ-सत्तर. असं कोणतं मशिन शिवणार? आणि टाका लहान केला तरी कापड सहापट पातळ होत नाही. दुमड घातली की गठ्ठा होतो. खिसा फुगतो, कॉलर मानेला न बसता ताठ उभी राहते. म्हणून या मापात शिवणारा कारागीर युक्त्या करतो: दुमडीऐवजी कड चिकटवतो, अस्तर काढून टाकतो, दिसणारी शिवण अगदी बारीक ठेवून खरा जोड आत लपवतो. जाकीट अंगावर पडलं पाहिजे, लटकता कामा नये. या जाकिटाचा खांदा अब्बांना पसंत पडला होता. खांदा बसवणं सगळ्यात अवघड असतं, असं ते नेहमी म्हणतात.

"लेकिन ये चमडा नै. रेक्झिन हाय," फिगर परत देताना ते म्हणाले. "तुमची हवा दमट. तीन पावसाळे निघाले तर बघ."

मी मनात म्हटलं, एवढ्या किमतीची वस्तू अशी कशी जाईल.

किंमत आणि दर्जा यांवरून आमच्या मंडळींत कायम भांडण असतं. पंधरा वर्षांपूर्वी दीडशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या साध्या फिगरला आज अडीचशे-तीनशे डॉलर पडतात. आपल्याकडे त्यावर आयातशुल्क. खेळण्यांवरचं हे शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. सरकारच्या लेखी माझा नायक आणि झुणझुण वाजणारा खुळखुळा एकच. शिवाय किमतीत नुसती मेहनत नसते. सिनेमाच्या परवान्याचे पैसे असतात, नटाचा चेहरा वापरण्याचे असतात. परवाना न घेता काम करणारेही बरेच आहेत. ते खोक्यावर सिनेमाचं नाव न घालता 'मोटारसायकलवाला' असं काहीतरी लिहितात आणि आत तोच माणूस असतो, तोही पुष्कळ कमी पैशांत. त्यांच्यातल्या काहींची शिलाई परवानेवाल्यांपेक्षा सरस असते हे मी स्वतः पाहिलं आहे. ते मी घेत नाही. पण घेणाऱ्याला नावं ठेवण्याइतका मी स्वच्छ नाही.

त्यात आम्ही पैसे मोजतो ते फोटो पाहून. फिगर जाहीर होते तेव्हा जो नमुना दाखवतात तो कसबी कलाकाराने हाताने रंगवलेला असतो. आपण आगाऊ रक्कम भरतो, वर्ष-दीड वर्ष थांबतो, आणि हाती येते ती कारखान्यातली फिगर. कधी नमुन्याइतकी सुंदर असते, कधी एक डोळा किंचित तिरळा. आणि एकदा माल संपला की दुसऱ्या हाताच्या बाजारात किंमत दुप्पट होते. माझा राग आहे तो या दुप्पटीवर. फिगर त्या काळात एका टाक्यानेही सुधारलेली नसते. उलट तिचं रेक्झिन एका वर्षाने म्हातारं झालेलं असतं.

हे सगळं मी शहाण्यासारखं लिहितोय, पण त्याच नायकाचे दोन नग मी घेतले होते. एक मांडायला, एक सीलबंद माळ्यावर. बायकोला सांगितलं होतं, ही गुंतवणूक आहे, भाव वाढतो. छंदातल्या मित्रांना सांगत होतो, आपण कलेसाठी घेतो, विकणारे वेगळे. अब्बांना तीन हजार. एका जाकीटवाल्याबद्दल तीन माणसांना तीन गोष्टी.

मागच्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना हे अंगाशी आलं. बायकोनेच विचारलं, तुमच्या गुंतवणुकीवर जकात नाही का? मी मौलानांना फोन केला. त्यांनी फिगर म्हणजे काय ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि ठेवाव्यात की नाही यावर त्यांना जे बोलायचं होतं ते दोन वाक्यांत बोलून घेतलं. मग एकच विचारलं: घेताना नियत काय होती? वापरायला घेतलेल्या वस्तूवर जकात नाही. विकायच्या नियतीने घेतली असेल तर तो व्यापाराचा माल, आजच्या बाजारभावावर अडीच टक्के. "तुमची नियत मी कशी सांगू?" ते म्हणाले.

रात्री तरावीहनंतर माळ्यावरचा खोका काढला. विकायलाच घेतला होता, यात शंका नव्हती. आजचा भाव लावायचा तर माल बघायला हवा, म्हणून सील फोडलं. तीन वर्षांत त्याला ना ऊन लागलं होतं ना कोणाचा हात. जाकिटाची कॉलर पापड सुटावा तशी सुटली होती. बोट लावलं तर काळे कपचे बोटाला चिकटून आले आणि खाली पांढरट जाळीचं कापड दिसलं. धावत जाऊन कपाटातला पाहिला. त्याच्या कोपरांवर भेगा होत्या.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे सगळ्याच कंपन्यांच्या रेक्झिनला होतं. वरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो, बंद खोक्यातही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर वेग कमी होतो, एवढंच. कंपनीला मेल पाठवली. फिगर विकून तीन वर्षं झाली आहेत, असं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. जकात मी फाटक्या मालाच्या भावाने नाही, चांगल्या मालाच्या भावाने काढली. त्यात मोठेपणा काही नव्हता. विकायला ठेवताना मी फोटो कॉलर टाळूनच काढला असता, हे मला माहीत होतं.

ईदला कराडला गेलो तेव्हा सुटलेलं जाकीट पिशवीत नेलं. अब्बा काही बोलले नाहीत. ब्लेडने एकेक टाका तोडून त्यांनी ते पूर्ण उसवलं आणि तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने बेत काढला. चमडं म्हणून अम्मीचं जुनं पाकीट घेतलं. ते जाड पडलं. मग चांभारगल्लीतल्या त्यांच्या मित्राकडून मागची बाजू तासून पातळ करून आणलं. महिनाभराने माझा चुलतभाऊ मुंबईला येताना काडेपेटीच्या मोठ्या बॉक्समध्ये जाकीट घेऊन आला.

खांदा बसला आहे. कॉलर जरा ताठ आहे. आतल्या बाजूला, जिथे कोणी बघणार नाही, तिथे दुकानाच्या लेबलचा दोन मिलिमीटरचा तुकडा लावला आहे.

मी फोन करून विचारलं, शिलाई किती झाली?

"तीन हजार," अब्बा म्हणाले, आणि मागे अम्मी हसल्याचा आवाज आला.

फक्त कोपरात चमडं अडतं, हात वाकत नाही. दंडाचं आणि कोपराचं नीट माप दोऱ्याने घेऊन पाठव, असं त्यांनी सांगितलंय. ते अजून पाठवायचं राहिलं आहे.