माळावरचा तरवड

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. लोक तिथे चिंकारा पाहायला येतात. मी पावसाळा सरताना त्या भागात जातो तो तरवडासाठी. भाद्रपद-आश्विनात कमरेएवढी झुडपं पिवळीजर्द होतात. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वरचा मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम. तरवड इथे कुणी न लावता उगवतो आणि गवत वाळून गेल्यावरही हिरवा राहतो.

हे फूल पाहावं सकाळी, भुंगे कामाला लागल्यावर. त्यात मध नसतो. परागकोशही उलगडत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक भोकं असतात. मोठ्या काळ्या भुंग्याची मादी फूल पायांनी घट्ट धरते, पंख स्थिर ठेवते आणि छातीचे स्नायू थरथरवते. त्या कंपनाने पराग भोकांतून बाहेर उडतो. हा आवाज उडतानाच्या गुणगुणीहून चढा आणि तुटक असतो; डोळे मिटून बसलं तरी कोणत्या झुडपावर काम चाललंय ते कळतं. आखूड पुंकेसरांचा पराग ती पिलांसाठी नेते. लांब, बाकदार पुंकेसरांचा पराग तिच्या अंगावर अशा जागी पडतो, की तिथे तिचे पाय सहज पोचत नाहीत. पुढच्या फुलाला मिळतो तो हाच. इतकी नेटकी व्यवस्था पायवाटेच्या कडेला चाललेली असते, आणि सरकारी दप्तरात त्या जमिनीपुढे ‘पडीक’ लिहिलेलं असतं. मला ते सहन होत नाही.

“बकरं याला तोंड लावत न्हाई, म्हणून टिकलाय,” मेंढरं घेऊन आलेले एक बाबा मला म्हणाले. त्यांच्या लहानपणी मोटेचं कातडं तरवडाच्या सालीत कमवत. बुंध्याजवळचं गवत त्यांनी काठीनं बाजूला सारून दाखवलं. आजूबाजूला सगळं चरून झालं होतं, पण फांद्यांच्या आत पवन्याची ताटं बी धरून उभी होती.

शेजारच्या एका गायरानावर मात्र यंत्रानं चर खोदून उंदीरमारी लावली. तीही शेंगावर्गीयच, पण मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. तिची सावली दाट झाली तसं खालचं गवत विरळ झालं, आणि तरवड कडेकडेला उरला. त्याला भरपूर ऊन लागतं. माळ उघडा असतो म्हणूनच तो माळ असतो. तिथे झाडं कमी आहेत याला उणीव समजून खड्डे घेणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या उतारावरही तेच करायचं ठरत होतं, म्हणून मी ग्रामसभेला गेलो. मी भुंग्यांचं, गवताचं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या. “नवरात्रात घटाला फुलं कुठनं आणायची आम्ही?” त्यांच्यापाठोपाठ आणखी बायका बोलू लागल्या. तेलंगणात बतुकम्माच्या सणात याच फुलांची आरास होते आणि तिथे तरवड राज्यफूल आहे, हेही मी सांगून टाकलं. पण सभा वळली ती मावशींच्या प्रश्नानं. कडुनिंब आणि बाभळी ओढ्याकाठी लावायच्या, वरच्या उतारावर यंत्र न्यायचं नाही, असं ठरलं. मेंढरांची वाटही होती तशीच राहिली.