गणपतीपुळ्याच्या वाळूवर आलेलं पिल्लू

गणपतीपुळ्याला गेलात की तुम्ही काय करता? स्वयंभू गणपतीचं दर्शन, डोंगराला प्रदक्षिणा आणि मग समोरच्या वाळूत अनवाणी फेरफटका, बरोबर ना? पुढच्या वेळी त्या वाळूवर जरा थांबा. २०२३ च्या दिवाळीत इथेच देवमाशाचं एक पिल्लू जिवंत वाहून आलं होतं.

पिल्लू म्हणायचं, पण वजन काही टन! वन विभाग, तटरक्षक दल आणि गावकरी दोन दिवस झटले. त्याच्या अंगावर सतत पाणी ओतलं, ओली कापडं टाकली आणि शेवटी बोटीनं ओढून त्याला खोल समुद्रात सोडलं. 'देवमासा वाचला!' असा व्हिडिओ मीही आमच्या फॅमिली ग्रुपवर पाठवला. सगळ्यांनी हात जोडले. आजीनं मात्र विचारलं, "आणि त्याची आई कुठंय गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लवकरच बातमी आली, पिल्लू परत किनाऱ्याला लागलं आणि गेलं.

आपण देवमासा म्हणतो, पण तो मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्याचं पिल्लू आईच्या दुधावर वाढतं. पाण्यात त्याचं वजन समुद्र पेलतो. वाळूवर मात्र स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुप्फुसं दबतात. चरबीच्या जाड थरामुळे अंग तापत जातं. त्यात आई नसेल, तर समुद्रात परत जाऊनही ते किती तग धरणार? आजीचा प्रश्न अगदी योग्य होता.

यंदा त्या किनाऱ्यावर चालताना मी स्वतःला विचारलं, त्या सकाळी मी इथे असते तर? खरं सांगू, माझा हात आधी कॅमेऱ्याकडेच गेला असता.

म्हणून तुम्हाला सांगते. असा जीव दिसला, तर आधी फोन लावा. महाराष्ट्रात वन विभागाचा क्रमांक १९२६ आहे. गर्दी होऊ देऊ नका, मुलांना लांब ठेवा. शेपटी धरून ओढू नका. मदत येईपर्यंत अंग ओलं ठेवायला सांगितलं, तर डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाणार नाही हे बघा.

ते पिल्लू वाचलं नाही, तरी अनोळखी माणसं दोन दिवस त्याच्यासाठी पाण्यात उभी होती. गणपतीपुळ्याला गेलात, तर मुलांना हेही नक्की सांगा.