पाण्याला भार

नागोठण्याच्या माणसाला पोहता येत नाही असे सांगितले, की देशावरचे पाहुणे हसतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे कोकणातले मूल जन्मल्याबरोबर आधी पोहते आणि मग रडते. त्यांचे तरी काय चुकले? अंबा नदी आमच्या गावाला अगदी खेटून जाते. धरमतरच्या खाडीतले भरतीचे पाणी वर सरकत सरकत येथपर्यंत येते आणि पूर्वी त्याच पाण्यावर मचवे-पडाव येऊन लागत. नदीवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनाने तो 1580 च्या सुमारास बांधला असे सांगतात. लांबी 480 फूट, पण दोन कठड्यांमधले अंतर दहा फूटही भरत नाही. त्या काळी दोन गाड्या समोरासमोर आल्या की एका गाडीवानाला मोठेपणा घ्यावा लागत असणार. आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले, त्या कामाची गती पाहिली की मला या काझीसाहेबांविषयी फार आदर वाटतो.

इतके पाणी उशाशी असून मी त्रेचाळीस वर्षे कोरडी राहिले.

त्याला कारण होते. जुलै 1989 मध्ये मी तिसरीत होते. त्या रात्री वर सुधागडाच्या बाजूला, जांभूळपाड्याला, अंबेने काय केले हे रायगड जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या घरात पाणी दारातून आले नाही, मोरीतून आले. हे मला अजून आठवते. दाराशी वडील फळी लावून उभे होते आणि मागे मोरीतून ते गुपचूप, एखाद्या ओळखीच्या माणसासारखे आत आले. मला माळ्यावर चढवले. तेथून खाली पाहिले तर आजोबांची आरामखुर्ची स्वयंपाकघराकडे निघाली होती. आजोबा जाऊन दोन वर्षे झाली होती. आमच्या घरचे सगळे वाचले, भांडीकुंडीही बहुतेक सापडली. पण ती खुर्ची मात्र माझ्या डोक्यात जी तरंगत राहिली ती राहिलीच.

आमच्या बाजारपेठेत पावसाळ्यात पाणी शिरते, तेव्हा व्यापारी शांतपणे माल वरच्या फळीवर चढवतात, एकमेकांना 'कुठवर आलं?' म्हणून विचारतात आणि चहा मागवतात. मी मात्र दर आषाढात रात्री उठून मोरीत हात घालून पाही. यजमान थट्टा करीत. म्हणत, "अगं, नदी यायची झाली तर तुला विचारून येणार आहे का?" चार वर्षांपूर्वी तेही गेले. नदीने नव्हे, साध्या छातीच्या दुखण्याने, भर उन्हाळ्यात. त्यानंतर भीतीला जणू घरच मोकळे मिळाले. पाण्याची होतीच, तिच्या जोडीला रात्रीच्या एसटीची आली, परक्या गावाची आली, दाराशी आलेल्या तारेची— म्हणजे हल्ली फोनची— आली. शाळा आणि घर, एवढे माझे त्रिभुवन झाले.

मी मॅट्रिक झालेली बाई. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्या जोरावर शाळेत चित्रकला शिकवते. दोन कादंबऱ्याही छापून झाल्या आहेत. तिसरी लिहायला घेतली होती. तिच्यातली नायिका सासर सोडून मुंबईला निघते. काळ जुना, आगबोटीचा. धरमतरच्या धक्क्यावर ती येते आणि बोटीची वाट पाहते. ही वाट तिने दोन वर्षे पाहिली! बोट येई, शिट्टी देई, निघून जाई; आमच्या बाई धक्क्यावरच. तिला बोटीत बसवायला मी लेखणी उचलली की माझ्याच पोटात गोळा येई. शेवटी मी वही कपड्यांच्या कपाटात, हिवाळी शालींच्या खाली ठेवून दिली. कोकणात शाली किती वेळा काढाव्या लागतात ते वाचकांना ठाऊकच आहे.

अशा दिवसांत विष्णुभट गोडसे पुन्हा हाती आले. 'माझा प्रवास' मी मुलीच्या वयात वाचले होते, पण ते झाशीच्या राणीसाठी. या खेपेस वाचले ते भटजींसाठी. हे गृहस्थ आमच्या शेजारचे, पेण तालुक्यातल्या वरसईचे. डोक्यावर कर्ज, घरची गरिबी. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे कळले आणि वयाच्या तिशीला हा भिक्षुक काकांना बरोबर घेऊन 1857 साली उत्तरेला निघाला. साल पाहा! वडिलांना काळजी कसली, तर त्या मुलखातल्या भांगेची आणि मोहात पाडणाऱ्या बायकांची. बंडाची काळजी कोणालाच नव्हती, कारण बंड अजून व्हायचे होते. मग महू, ग्वाल्हेर, झाशी, काळपी. झाशीच्या वेढ्यात सापडला, कत्तलीत लपून राहिला, मिळवलेले पैसे लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा लुटले गेले. आणि दोन-अडीच वर्षांनी वरसईला परत आला तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन! तिच्या पाण्याने आईबापांना स्नान घातले. पुढे भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे लिहून काढले आणि 1907 साली ते पुस्तकरूपाने बाहेर आले.

मला त्याच्यातले शौर्य फारसे दिसले नाही, हीच मोठी गंमत. भटजी शूर नाहीतच. ते घाबरतात, रडतात, लपतात, भूक लागली की भुकेचे लिहितात. आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघतात. शूर माणसांची चरित्रे मी शाळेत पुष्कळ वाचून दाखवली आहेत. त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नव्हता. हा घाबरट माणूस मात्र उपयोगी पडला.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. 1951 साली भूदानासाठी चालू लागले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, आणि पुढे तेरा वर्षे चालत राहिले. आमच्याकडच्या मातीत काही तरी आहे खरे. निदान तळपायांना खाज सुटण्याइतके.

मी ठरवले, काशीला जायचे. पण काशी म्हणजे गंगा, गंगा म्हणजे होडी. तेव्हा आधी विहीर.

शाळेतल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वाडीत चांगली बांधीव विहीर आहे, पायऱ्यांची. मुलगी म्हणाली, "बाई, मला वेळ नाही, पण आमची आजी शिकवील." आजींचे वय सत्तरीच्या पुढचे. उभा जन्म खाडीत गेलेला. चिखलात गुडघाभर उतरून चिंबोऱ्या धरलेल्या. नऊवारीचा काष्टा कसून त्या पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे नखशिखान्त पाहून म्हणाल्या, "बाई, पोरांना मारता का तुमी?" मी म्हटले, "नाही हो." म्हणाल्या, "मंग मी बी न्हाय मारनार."

लहानपणी पोरे पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत उतरताना पाहिली होती. माझ्या पाठीला तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा आला. पंजाबी ड्रेस, कमरेला ओढणी, पाठीवर डबा, त्या डब्यावर शेंगदाणा तेलाची जाहिरात. गावातल्या अर्ध्या घरांत माझ्या हाताखाली शिकलेली मुले आहेत, आणि त्यांतली पाच-सहा, काही तरी काम काढून, विहिरीच्या काठावर आलीच. एकाने वर्गातल्यासारखा हात वर करून विचारले, "बाई, हजेरी घेणार का?"

पहिले चार दिवस मी तिसरी पायरी सोडली नाही. पाणी कमरेपर्यंत. आजी वरून विडा चघळीत बघत. एक शब्द बोलत नसत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "पान्याला धरायला जाऊ नका. त्याला भार द्या." मला राग आला. भार द्या म्हणे! मी नाही का पाहिले त्याला खुर्ची घेऊन जाताना? मी हे बोलले नाही, पण तोंडावर आले असावे. आजी उठल्या, काष्ट्यासकट पाण्यात उतरल्या आणि विहिरीच्या मध्यावर जाऊन उताण्या पडल्या. डोळे मिटलेले, पोटावर हात. म्हातारी आपल्या ओटीवर दुपारची आडवी व्हावी, तशी. त्याच स्थितीत मला म्हणाल्या, "एकोणनव्वदच्या पुरात माझी दोन गुरं गेली. पन ती ही हीर न्हवती. ह्ये पानी येगलं, त्ये पानी येगलं."

मला इतक्या वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते. मलाही सुचले नव्हते.

पाठीवर पडताना कान पाण्यात जातात. काठावरची पोरे, झाडावरचे कावळे, पंपाचा आवाज, सगळे एकदम लांब जाते आणि आपला श्वास तेवढा ऐकू येतो, घरातल्या जुन्या घड्याळासारखा. वर विहिरीच्या तोंडाएवढे गोल आभाळ. त्यात आंब्याची एक फांदी. मी चित्रकलेची शिक्षिका. अंबेचे, पुलाचे, भातखाचरांचे किती निसर्गदेखावे काढले असतील! पण जग असे खालून, गोल चौकटीत, प्रथमच पाहिले. किती वेळ पडून होते कोण जाणे. आजी म्हणाल्या, "बाई, उठा आता, भाकऱ्या करायच्या हायेत." तेव्हा ध्यानात आले, की डबा सुटून केव्हाच कोपऱ्यात जाऊन लागला होता.

मे महिन्याच्या अखेरीस मी विहिरीचे तीन फेरे मारू लागले. डौल म्हणाल तर बेडकाचा. शिक्षकखोलीत यावर बरीच चर्चा झाली. एका सहकाऱ्यांनी मला 'जलतरणपटू' म्हणायला सुरुवात केली. मी त्यांना विहिरीवर यायचे आमंत्रण दिले, तेव्हापासून ते मला पूर्ववत 'बाई' म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत निघाले. एकटी. नागोठण्याच्या स्टेशनावरून दिव्याची गाडी, मग कल्याणहून महानगरी. भटजींना जेथे महिने लागले, तेथे माझा एक दिवस आणि काही तास गेले. त्यांना लुटारू भेटले; मला समोरच्या बाकावरची जबलपूरची बाई भेटली. तिने तिच्या तीन सुनांची तक्रार सांगितली आणि पुऱ्या खाऊ घातल्या. सून नसल्यामुळे मला तोलामोलाचे काही सांगता आले नाही.

काशीत ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून मराठी घरे आहेत, पेशवाईपासून राहिलेली. एका अरुंद वळणावर वरच्या मजल्यावरून कोणी तरी "अगो, दूध ओतू जातंय!" म्हणून ओरडले आणि मी चालता चालता थांबले. साता गावांपलीकडे आपल्याच स्वयंपाकघरात आल्यासारखे झाले. विश्वेश्वराचे दर्शन घेतले. ते देऊळ अहिल्याबाईंनी 1780 साली पुन्हा उभे केलेले. पण मन देवळापेक्षा घाटांवरच्या भिंतींत अडकले. तेथे पुराच्या खुणा आहेत. 1978 सालचे पाणी कोठवर चढले होते ते पाहायला मान वर करावी लागते. अगदी आमच्या बाजारपेठेसारखे! पाणी येते, जाते, भिंतीवर रेघ ओढून ठेवतात आणि खाली पुन्हा फुलांची दुकाने मांडतात.

पहाटे होडी ठरवली. पैलतीर वाळूचा आहे, तेथे लोक स्नानाला जातात. नावाडी अठरा-वीस वर्षांचा. मी बसताना त्याने सहज विचारले, "माताजी, तैरना आता है?" असे तो दिवसातून पन्नास वेळा विचारीत असेल. मी म्हटले, "आता है." हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मलाच तो कोणी दुसऱ्याने उच्चारल्यासारखा वाटला. होडी हलली तेव्हा पोटात गोळा आलाच. तो येणार हे मी गृहीत धरले होते. भटजींनाही आला असता. पलीकडे छातीभर पाण्यात गेले, यजमानांचे नाव घेऊन तीन बुड्या मारल्या आणि मग पाण्याला भार दिला. गंगेचे पाणी आमच्या विहिरीपेक्षा गार निघाले. वर आभाळ यावेळी गोल नव्हते.

परत आल्यावर शालींच्या खालून वही काढली. नायिका धक्क्यावर होती तशीच. तिला मी बोटीत बसवले. फार काही न लिहिता, दोनच ओळींत. पहिल्या भोंग्याला ती घाबरली, कठड्याला घट्ट धरून बसली, आणि रेवस गेल्यावर तिने शेजारणीला पान मागितले. कादंबरी यंदा पुरी होईलसे दिसते. छापतील की नाही ही निराळी धास्ती, तिच्यावर विहिरीचा इलाज चालत नाही.

आजींसाठी तांब्याच्या गडूतून गंगाजळ आणले होते. त्यांनी ते कपाळाला लावले, थोडे प्यायल्या, आणि उरलेले मी देव्हाऱ्यात ठेवायला सांगते आहे तोवर सरळ विहिरीत ओतले. मी 'अहो, अहो' करीत राहिले. म्हणाल्या, "हिनंच तुमाला धाडलं न्हवं? मंग हिचा वाटा." मग विचारले, "आगगाडीत बसल्यावर पोटात ढवळतं का वो?" सत्तर वर्षांत त्या आगगाडीत बसलेल्या नाहीत. येत्या सुट्टीत पंढरपूरला जायचे ठरले आहे, दोघींनी. खिडकीजवळची जागा त्यांची.

दरम्यान विहिरीवर दोन नवीन विद्यार्थिनी आल्या आहेत. एक पोस्टातल्या बाई, दुसऱ्या आमच्याच शाळेतल्या, निवृत्तीला पाच वर्षे राहिलेल्या. त्यांना पाण्याची भीती मुळीच नाही म्हणतात. फक्त बेडकांची आहे. आजी आता वरच्या पायरीवर बसून नुसता विडा चघळतात आणि डबे बांधण्याचे काम माझ्याकडे आले आहे.