दिवसभर पुरणारी शक्ती

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पक्षाघाताने माझ्या वडिलांची डावी बाजू लुळी पडली होती. एका पहाटे त्यांना शौचास जायचे होते आणि मदतनीस अजून आला नव्हता. पत्नीची झोप मोडायला नको म्हणून मी एकट्यानेच त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचलले. वडिलांचे वजन बासष्ट किलो. कमरेतून कळ निघाली आणि आम्ही दोघेही पलंगावर कोसळलो. वडिलांना इजा झाली नाही. मला मात्र पुढचे तीन आठवडे नीट वाकता आले नाही. "अरे, रुग्णांना काय सांगतोस तू?" एवढेच वडील म्हणाले. मला उत्तर देता आले नाही.

त्या दिवसांत एक जुना प्रश्न पुन्हा मनात आला. शेतावरच्या पंपावर ५ अश्वशक्ती असे लिहिलेले असते. हा अश्व नेमका कोणता?

हे माप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जेम्स वॉट यांनी रूढ केले. त्यांना वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारी, "हे किती घोड्यांचे काम करील?" त्या काळी गिरण्या घोडे फिरवीत. बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि सुमारे १८० पौंड, म्हणजे ८२ किलोंच्या जोराने ओढतो, असे वॉट यांनी धरले. त्यावरून एक अश्वशक्ती ठरली. आजच्या हिशेबाने ७४६ वॉट. सामान्य घोड्याच्या मानाने हा आकडा थोडा चढाच होता.

पण हे माप घोड्याच्या एका हिसक्याचे नाही, तर तासन्‌तास चालणाऱ्या कामाचे आहे. काही सेकंदांपुरता जोर लावला, तर तोच घोडा चौदा-पंधरा अश्वशक्तीपर्यंत जाऊ शकतो. माणसाचेही तसेच आहे. धडधाकट माणूस दिवसभर कष्ट करतो तेव्हा त्याची शक्ती साधारण ७५ वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा भरते. मात्र जिन्यावरून धावत सुटलेला तरुण काही क्षण एक अश्वशक्तीही ओलांडू शकतो. आपली फसगत होते ती इथेच. क्षणभर जमले म्हणजे रोज जमेल, असे आपण समजतो.

स्नायूच्या धाग्यात म्हणावा असा फरक नाही. तेवढ्याच जाडीचा स्नायू घोड्यात आणि माणसात जवळपास सारखाच जोर लावतो. फरक आहे तो आकारात आणि रक्तपुरवठ्यात. ओझी ओढणारा इंग्लंडचा शायर जातीचा घोडा नऊशे किलोंच्या घरात असतो. घोड्याचे हृदय त्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का भरते. माणसाचे जेमतेम अर्धा टक्का. शिवाय कष्टाच्या वेळी घोड्याची प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. आपल्याकडे ही शिल्लक नगण्य.

आणि एवढा बलदंड प्राणीही ओझे उचलत नाही, तो ते चाकांवर ओढतो. स्वतःच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका जोर लावून तो दिवसभर चालतो. चाकांमुळे तेवढ्या जोरात स्वतःपेक्षा जड गाडीही सपाट रस्त्यावर हलते. ओढीचा भार मानेभोवतीच्या गादीदार पट्ट्यातून खांद्यांवर पसरतो, आणि जाणता गाडीवान त्याला ठरावीक वेळाने थांबवतो.

घरी रुग्णाची सेवा करणाऱ्या वाचकांनो, हे तिन्ही धडे आपलेच आहेत. पहिला, उचलण्याऐवजी सरकवा. रुग्णाखाली दुमडलेली चादर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी ती धरली, तर कूस बदलणे सोपे होते. दुसरा, भार योग्य जागी घ्या. रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधा, तो धरा आणि त्याला आपल्या अंगाजवळ ठेवा. वजन शरीरापासून जितके दूर, तितका मणक्यावरचा ताण अधिक. गुडघे वाकवा, कंबर पिळू नका. रुग्णाला आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नका आणि त्याचा लुळा हात कधीही ओढू नका. त्याने खांदा निखळतो. तिसरा, विश्रांतीची वेळ आधीच ठरवा आणि दुसऱ्या माणसाला हाक मारण्यात कमीपणा मानू नका. पाठदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, अथवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ज्येष्ठ वाचकांनो, आपल्यासाठीही एक हिशेब आहे. साठ किलोंची व्यक्ती तीन मीटर उंचीचा जिना २४ सेकंदांत चढली, तर ती अश्वशक्तीच्या दहाव्या हिश्श्याइतकी शक्ती वापरते. वयाबरोबर स्नायू झडतात आणि प्रथम जाणवते ती मांड्यांची दुर्बलता. तोल सांभाळता येत असेल, तर भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून, जवळ कोणी उभे असताना, दिवसातून दोन-तीन वेळा पाच-सहादा उठा-बसा. पावले मागे घ्या, पुढे झुका आणि मग उठा. आहारात डाळी, दूध, दही, चालत असल्यास अंडी असू द्या. मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आपण स्वतःच्या पायांवर जेवढे उठाल, तेवढे घरच्यांच्या पाठीवरचे ओझे हलके होईल.

त्या पहाटेनंतर वडील आणखी दोन वर्षे होते. पट्टा बांधून, दोघे मिळून, त्यांना आम्ही रोज उठवत असू. "एक, दोन, तीन" हे मोजणे त्यांनी स्वतःकडे घेतले होते, आणि तीन म्हणताना ते उजव्या पायावर जोर देत. तेवढ्याने आमचे काम पुष्कळ हलके होई.