सेल बदलतांना

खिशांत मावणाऱ्या यंत्राचा सेल बदलणें हें काम इतकें क्षुल्लक समजलें जातें कीं, तें कोणी शिकवावयास पाहिजे असें कोणास वाटत नाहीं. आमच्या वर्गांतील मुलें कंपासाच्या टोंकानें घड्याळाचें झांकण उघडतात (ही सवय चांगली नव्हे, हें ओघानें सांगून ठेवतों) आणि जुना सेल काढून नवा बसवितात. घड्याळाचें यांत कांहीं जात नाहीं. फार तर वेळ पुन्हां लावावी लागते. परंतु ज्या यंत्रास आपण कांहीं लक्षांत ठेवावयास सांगितलें आहे, त्याची गोष्ट निराळी.

सन १९९० नंतरच्या दशकांत डिजिटल डायरी नांवाचें लहानसें यंत्र पुष्कळांच्या खिशांत असे. नांवें, पत्ते व फोनचे क्रमांक लोक तींत टिपून ठेवीत. तिची स्मृति रॅम या जातीची होती. या स्मृतींत लिहिलेलें अक्षर विजेच्या आधारानेंच उभें असतें. प्रवाह तुटला कीं सर्व पुसलें जातें. पाटीवरील अक्षर पुसावयास निदान फडकें तरी लागतें! म्हणून अशा डायरींत मुख्य सेलांखेरीज एक राखीव सेल असे, आणि मुख्य व राखीव सेल एकाच वेळीं काढूं नयेत असें माहितीपुस्तिकेंत बजावलेलें असे. सन १९९६ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या व पुढें पाम पायलट म्हणून प्रसिद्धीस आलेल्या यंत्रांत राखीव सेलाऐवजीं कपॅसिटर होता. कपॅसिटर म्हणजे विजेची लहानशी घागर. ती सुमारें मिनिटभर पुरे. तेवढ्या अवधींत दोन नवे सेल बसवावयाचे.

आमचे वडील २००३ सालीं, ऐन पावसाळ्यांत, रात्रीं दहाच्या सुमारास वारले. गांवोगांवच्या आप्तांस कळविणें भाग होतें. त्यांतील अनेकांच्या घरीं फोन नव्हता; शेजाऱ्यांचे, दुकानदारांचे क्रमांक होते, आणि ते सर्व केवळ वडिलांच्या डायरींत होते. ती मामांनीं मस्कतहून आणली होती. उघडून पाहतों तों पडद्यावरील अक्षरें फिकट झालेलीं, आणि सेल बदलण्याची सूचना दिसत असलेली. नवे सेल घरांत होते. धाकटा भाऊ तत्काळ स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. आम्हीं त्याचा हात धरला. राखीव सेल सहा वर्षांत कोणी बदललेला नव्हता. त्यांत जीव आहे कीं नाहीं, हें कोण सांगणार? नसता, तर मुख्य सेल निघतांच सगळे क्रमांक गेले असते, आणि ज्यांनीं वडिलांच्या मातीस यावयाचें त्यांस वार्ताही पोहोंचली नसती.

मग बहीण दिव्याजवळ डायरी धरून एकेक नांव वाचूं लागली व आम्ही वहींत लिहूं लागलों. आत्याच्या गांवच्या किराणा दुकानाच्या क्रमांकापुढें वडिलांनीं 'आठनंतर' असें टिपलें होतें. तें वाचतांना बहीण थोडा वेळ थांबली. पहांटेपर्यंत शंभरावर क्रमांक उतरले. त्यानंतर भावानें मुख्य सेल बदलले. नांवें शाबूत राहिलीं. राखीव सेल जिवंत होता. तरी एसटीडी बूथवर भाऊ वहीच घेऊन गेला.

आजच्या मोबाइलची स्मृति फ्लॅश या जातीची आहे. जपानांतील तोशिबा कंपनीचे संशोधक फुजिओ मासुओका यांनीं ती १९८४ सालीं जगापुढें मांडली. तींत विजेचे कण निरोधक थरांच्या आंत कोंडलेले असतात. म्हणून बॅटरी काढली तरी छायाचित्रें जात नाहींत. हें ऐकून पालक निर्धास्त होतात. आमच्या मतें इतकें निर्धास्त होऊं नये. यंत्र कांहीं लिहीत असतां प्रवाह अकस्मात् तुटला, तर तें लिखाण अर्धवट राहून बिघडूं शकतें. यास्तव प्रथम मोबाइल रीतसर बंद करावा. शिवाय हल्लींच्या बहुतेक मोबाइलांची बॅटरी आंत चिकटविलेली असते व ती दुकानांतच बदलावी लागते. उघडतांना आंतील मुख्य पाटीस इजा झाली, तर स्मृति धड असूनही वाचतां येत नाहीं. कारण मजकूर गुप्त लिपींत असतो व तिची किल्ली त्याच पाटीवर असते.

तेव्हां दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच प्रत काढावी. छायाचित्रांची निघाली म्हणजे व्हॉट्सॲपवरील संवादांचीही निघाली असें समजूं नये. ती त्या ॲपमधूनच वेगळी काढावी लागते. आणि काढलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर एकदां उघडून पाहावी. बॅटरी फुगलेली असल्यास ती दाबूं नये, टोंचूं नये. तें काम मुलांचें नव्हे.

मोबाइल दुरुस्त होऊन आला म्हणजे तारीख व वेळ पाहावी. ती कधीं कधीं कित्येक वर्षें मागें गेलेली असते, आणि ती दुरुस्त केल्यावांचून बरींच संकेतस्थळें उघडत नाहींत. मुलें मात्र तडक दुकानदारास दोष द्यावयास निघतात.