एका काचेपुरतं

ताप आला की आमच्या गावात डॉक्टरच्या आधी हिवतापाचा माणूस यायचा. पंधरवड्याला त्याची फेरी असे. खांद्याच्या पिशवीत स्पिरिटचा बोळा, टोचायची सुई आणि कागदात गुंडाळलेल्या काचपट्ट्या. बोट पुसून तो टोचायचा आणि आम्ही भोकाड पसरेपर्यंत काम उरकलेलं असायचं. पट्टीवर रक्ताचा एक जाड ठिपका, शेजारी दुसऱ्या पट्टीच्या कडेने ओढलेला पातळ थर. तो वाळला की त्या रक्तावरच शिसपेन्सिलीने नंबर घालायचा, कडू गोळ्या हातावर ठेवायचा, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकायचा आणि पुढच्या घरी. आपलं रक्त दवाखान्यात जातं आणि तिथे कुणीतरी ते मशिनीतून बघतं, याचा मला तापातही केवढा अभिमान वाटायचा!

ही 1970च्या दशकातली गोष्ट. देशात हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम 1958 साली सुरू झाला होता आणि 1965पर्यंत वर्षाचे रुग्ण लाखाच्या आसपास उतरले होते. 1976 साली तोच आकडा 64 लाखांच्या वर गेला. डासांना डीडीटी पचायला लागलं होतं, फवारणी आणि देखरेख ढिली पडली होती. शिवाय फवारलेल्या भिंती आमच्या आजीसारख्या बायका सणाच्या तोंडावर शेणामातीने सारवून काढत. औषध सारवणाखाली आणि डास वर! हे कारण मी पुस्तकात वाचलं ते पुष्कळ नंतर. घरात आधीच पाहिलं होतं. डॉक्टरीच्या धंद्यात जंतूइतकंच भिंतीकडेही बघावं लागतं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

मेडिकलला गेल्यावर तीच काचपट्टी पुन्हा हातात आली. आता तिला स्लाईड म्हणायचं आणि तिच्यावर रक्ताऐवजी क्षयाच्या पेशंटचा बेडका. प्रोफेसरांनी जंतू शिकवला. स्लाईड शिकवली ती लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी. "ताई, बघायचं नंतर. आधी पसरायला शिका." खराट्याची काडी मोडून तिचं टोक ते चेचून घेत, डबीतली नुसती लाळ बाजूला सारत आणि पिवळट, घट्ट कण तेवढा उचलत. पसरून वाळवला की स्लाईड वर्तमानपत्रावर चार बोटं उंच धरायची. खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसली नाहीत तर थर जाड, लख्ख दिसली तर फारच पातळ; दोन्ही स्लाईडी बादलीत. मग लाल फुक्सिन ओतून खालून आच द्यायची. वाफ निघाली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. त्यानंतरच्या आम्लाने बाकी सगळ्याचा रंग धुऊन जातो. क्षयाचा जंतू तेवढा आपल्या मेणचट कवचामुळे तो सोडत नाही. शेवटी मेथिलीन ब्लू. निळ्यावर लाल, किंचित वाकड्या काड्या.

त्या काड्यांमागे मोठा इतिहास आहे. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कोख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा श्रोत्यांत पॉल एर्लिख बसले होते. रंगवण्याची पद्धत त्यांनी लगेच सुधारली. पुढे काही वर्षांनी त्यांना स्वतःच्याच बेडक्यात तेच जंतू दिसले आणि हवापालटासाठी इजिप्त गाठावं लागलं.

पण काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला या इतिहासापेक्षा जास्त उपयोगी पडली. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण दहा हजार जंतू असतील तरच स्लाईडवर भरवशाने दिसतात. पाच हजार असले तर? माणूस आजारी, स्लाईड स्वच्छ.

1990च्या दशकात मुंबईत एचआयव्हीचे पेशंट वॉर्डात यायला लागले आणि हा हिशेब रोजचा झाला. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या फुफ्फुसात सहसा पोकळ्या पडत नाहीत, त्यामुळे बेडक्यात जंतू कमी उतरतात. परळचा एक तरुण आठवतो. हाडांचा सापळा, संध्याकाळी हटकून ताप. त्याची आई रोज दारात गाठायची. "बाई, काही निघालं का थुंकीत?" काहीच निघत नव्हतं. जंतू वाढवून बघायला कल्चर लावलं होतं, पण आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळपास अख्खा दिवस लागतो. उत्तर यायला सहा ते आठ आठवडे. तोवर हा टिकणार नव्हता. एक्स-रे, ताप आणि वजन यांच्या भरवशावर आम्ही औषधं सुरू केली. बाटलीतल्या हिरव्या माध्यमावर खरखरीत, मातकट पुंजके उगवले तेव्हा तो जेवायला लागला होता.

डॉक्टरला आज रात्री ठरवावं लागतं, संशोधकाला पुराव्यासाठी थांबावं लागतं. माझं पुढचं सगळं संशोधन या दोन तारखांच्या मधल्या अंतरात झालं: कुणाची स्लाईड रिकामी जाते, का जाते, आणि तोवर डॉक्टरने कशावर भिस्त ठेवायची. या कामात शंभुनाथ डे यांचं उदाहरण मला सतत धीर देत आलं. कॉलऱ्याच्या जंतूची ओळख कोख यांनी 1884 साली कलकत्त्यातच पक्की केली होती, पण तो मारतो कसा हे पुढची 75 वर्षं कळलं नव्हतं. त्याच शहरात डॉ. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधला आणि जंतू गाळून काढलेला नुसता द्रव आत सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. शोधनिबंध 1959 साली आला. त्या द्रवाची स्लाईड केली असती तर तिच्यावर एकही जंतू दिसला नसता, आणि कॉलऱ्याचं विष मात्र त्यातच होतं.

आता यंत्रं आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली मान्यता दिलेली जनुकीय चाचणी दोन तासांत क्षय सांगते, क्षयावरचं औषध रिफाम्पिसिन चालेल का तेही सांगते. ती आली तेव्हा मला फार आनंद झाला. परळच्या त्या आईला मी तिसऱ्या दिवशीच उत्तर देऊ शकले असते. पण या यंत्राला मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो, म्हणून उपचार लागू पडतोय का हे त्याला विचारता येत नाही. स्लाईडवरही मेलेला जंतू लालच दिसतो. जिवंत कोण, हे कल्चरच सांगतं, आणि तेही आपल्या सवडीने. प्रत्येक साधनाला काहीतरी दिसत नाही. ते काय, हे पाठ असणं म्हणजे निम्मं संशोधन.

माझ्या हाताखालची मुलं विचारतात, "मॅडम, आता स्लाईड कशाला शिकायची?" मी त्यांना निगेटिव्ह रिपोर्ट दाखवते आणि विचारते: नमुना कुणी घेतला, कसा घेतला, आणि या चाचणीला किमान किती जंतू लागतात? ज्याने स्वतः काडीने कण शोधलाय, त्याला हे प्रश्न आपोआप पडतात. उत्तरं समाधानकारक असली तर रिपोर्ट माना. नसली तर पेशंटकडे परत जा, नवी डबी घेऊन, सकाळी लवकर. आणि डबी वॉर्डबॉय मामांच्या हाती पाठवू नका. स्वतः खाटेशेजारी उभं राहून खोल श्वास घेऊन कसं खोकायचं ते करून दाखवा.