बाबांचा जुना कॉम्प्युटर

मैसूरच्या आमच्या घरी टीव्हीला जोडलेला २०१२चा कॉम्प्युटर आहे. आईच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं त्यातच. तो सुरू व्हायला ५ मिनिटं लागायची. तोवर बाबा चहा करून आणायचे. "नवा घेऊ," म्हटलं की ते गप्प बसत.

दसऱ्याच्या सुट्टीत, जंबू सवारी बघून झाल्यावर, मी तो उघडला. आधी सगळ्या फायलींची दुसरी प्रत काढली. पंख्यातली धूळ झटकली, आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद केले. पण खरा फरक पडला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर. तिच्यात फिरणारी तबकडीच नसते, म्हणून फाइल शोधण्यात वेळ जात नाही. रॅम होती तेवढीच, ४ जीबी, पुरली.

परवा बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, "अरे, चहा उकळायच्या आत हिचं गाणं सुरू!"